आरशा, दूध उतू गेले का?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेले भाषण)



आजच्या दिवशी मी ‘मुले आणि गोष्टी’ या विषयावर चार शब्द बोलावे, असे चिटणीसबाईंनी मला महिन्यापूर्वी सांगितले. मी हो म्हटले खरे, पण मनातून जरा घाबरले. मी काही विदुषी नव्हे. तीस-पस्तीस वर्षे घरात मुलांना गोष्टी सांगितल्या, एवढेच माझे भांडवल. तेव्हा मोठा विषय मोठ्यांसाठी ठेवून त्याचा एक कोपराच मी आज धरणार आहे. तो कोपरा म्हणजे जुन्या परीकथांची हास्यचित्रांनी केलेली थट्टा, म्हणजेच विडंबन.

हा विषय मला सुचला तो आपल्याच मंडळात. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काही मुले कोपऱ्यात मोबाइलवर एक हलते चित्र पाहून खिदळत होती. त्यात राजकन्या राजपुत्राला म्हणत होती, “आधी घोडा नीट बांधून ये, मग लग्नाचे बोलू.” आपल्यातल्या एक बाई कळवळून म्हणाल्या, “आमच्या वेळच्या गोष्टींची अशी चेष्टा केली, तर मुलांच्या मनात चांगल्या-वाइटाची चाड राहील तरी कशी?” बाईंचा प्रश्न खरा होता आणि तो पोटतिडकीने विचारलेला होता. त्या वेळी मी गप्प बसले. आज उत्तर द्यायचे म्हणते. मात्र त्यासाठी मला घरातली एक गोष्ट चारचौघींत सांगावी लागेल.

तुमच्यापैकी जुन्या मैत्रिणींना ठाऊक आहे की, माझी थोरली लेक माझ्या पोटची नाही. १९८६ साली लग्न होऊन मी दारव्ह्याहून शकुंतलेच्या गाडीत बसून यवतमाळला आले. ती छोटी गाडी आता बंद पडली. तेव्हा ती रमतगमत का होईना, पण यायची. आमचे हे एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. पहिली पत्नी दोन वर्षांपूर्वी वारलेली, आणि पदरात सहा वर्षांची मुलगी. मला पाहायला आले तेव्हाच त्यांनी सगळे स्वच्छ सांगितले होते. मीही समजून उमजून हो म्हटले होते. मी बाहुली आणि गोळ्यांचा पुडा घेऊन आले. मुलीने बाहुली घेतली, गोळ्या घेतल्या, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

पहिल्याच पावसाळ्यात तिला ताप आला. त्या काळी आपल्याकडे सफरचंद घरात यायचे ते कोणी आजारी पडले तरच. ह्यांनी बाजारातून चार सफरचंदे आणली. मी एक धुऊन, चिरून, बशीत घालून तिच्यापुढे धरले. पोरगी भिंतीला चिकटून बसली. तोंड घट्ट मिटलेले. मी म्हटले, “खा ग राणी, तोंडाला चव येईल.” ती नुसती मान हलवत राहिली. सासूबाई आतून म्हणाल्या, “काहून व, पोट्टी काहून खात नाही?” मला काय सांगावे कळेना. शेवटी ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “आधी तू खा.”

मी एक फोड खाल्ली. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी पडते की काय, याची वाट पाहत होती ती!

दुसऱ्या दिवशी तिच्या उशाखाली मला ‘हिमगौरी आणि सात बुटके’ या गोष्टीचे रंगीत पुस्तक सापडले. वडिलांनी कधीतरी नागपूरहून आणलेले. त्यात सावत्र आई सफरचंद पुढे करते आहे, ते पान इतक्या वेळा उघडलेले होते की, त्याची शिवण सुटली होती. भगिनींनो, त्या रात्री मी फार रडले. मी तिचे काहीही वाईट केले नव्हते. पण माझ्या आधी माझी गोष्ट त्या घरात येऊन बसली होती.

पुढे माझ्या वाचनात एक गोष्ट आली, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी लोकांच्या तोंडच्या कथा गोळा करून १८१२ साली पहिल्यांदा छापल्या. त्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी राणी तिची सख्खी आईच होती! १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. दोन अनाथ भावंडांसारखी रानात सोडलेली हान्सेल आणि ग्रेटेल, त्यांच्या आईचेही पुढच्या आवृत्त्यांत असेच झाले. म्हणजे सख्ख्या आईने असे वागावे हे छापायला बरे वाटेना, तेव्हा ते पाप सावत्र आईच्या पदरात घातले गेले. आणि आपण तरी काय वेगळे केले? आपल्या कहाण्यांत आवडती आणि नावडती आहेच. नावडतीला ठेवणीतले दुःख आणि आवडतीला ठेवणीतला दुष्टपणा. मी हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा कळले की, जुनी गोष्ट म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. ती कोणीतरी, कधीतरी, काही कारणाने बदललेली असते. मग पुन्हा बदलली तर आकाश का कोसळावे?

ती बदलण्याचे काम हास्यचित्रांनी फार पूर्वीच हाती घेतले. वॉल्ट डिस्ने हे नाव आज आपण गोड राजकन्यांसाठी ओळखतो. पण १९२२ साली, वयाच्या विशीत, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी या गावी त्याने जी सुरुवातीची छोटी हलती चित्रे काढली, त्यांत लाल टोपीवाली मुलगी, सिंड्रेला, बूट घातलेले मांजर अशा जुन्याच कथा होत्या, पण आजकालच्या करून सांगितलेल्या. त्यांत मोटारीसुद्धा होत्या. ती कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली. पंधरा वर्षांनी, १९३७ साली, त्याच माणसाने हिमगौरीचा मोठा बोलपट काढला. त्यात मात्र त्याने थट्टा बाजूला ठेवली आणि राणीला अशी भयंकर रंगवली की, जगभरच्या मुलांनी सावत्र आईचा चेहरा तोच धरला. मला वाटते, माझ्या लेकीच्या पुस्तकातली राणीही त्याच चेहऱ्याची होती.

त्या गोडव्याला उत्तर दिले टेक्स अ‍ॅव्हरी नावाच्या चित्रकाराने. १९४३ साली त्याने लाल टोपीवालीची गोष्ट घेतली. निवेदक नेहमीच्या लाडिक आवाजात सुरुवात करतो, तोच लांडगा थांबतो आणि म्हणतो की, या गोष्टीचा आता कंटाळा आला. मग ती मुलगी आणि आजीही तक्रार करू लागतात, आणि बिचाऱ्या निवेदकाला गोष्ट नव्याने सुरू करावी लागते! १९४५ साली त्याने सिंड्रेलाची गोष्ट घेतली. तुम्हाला आठवतच असेल, बारा वाजले की तिला राजवाड्यातून पळावे लागते. ते लढाईचे दिवस होते आणि अमेरिकेत हजारो बाया कारखान्यांत कामाला जात होत्या. अ‍ॅव्हरीची सिंड्रेलाही बाराच्या ठोक्याला पळते, पण जादू संपते म्हणून नव्हे, तर कारखान्यातली रात्रपाळी गाठायची म्हणून! ही चित्रे मोठ्या माणसांसाठी काढलेली आहेत, त्यांत लांडग्याचे चाळे पुष्कळ आहेत, आणि ती सगळीच मुलांना दाखवावीत असे मी म्हणणार नाही. पण रात्रपाळीची ती कल्पना पाहून मी मनापासून हसले. घड्याळाकडे डोळे लावून बसणारी बाई आपल्यापैकी कोणाला ओळखीची नाही? पुढे १९५९ पासून अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर अशा उलट्यापालट्या परीकथांची मालिकाच चालू झाली. आणि २००१ साली ‘श्रेक’ हा चित्रपट आला. त्यात राजकन्येला सोडवणारा वीर हा स्वतःच राक्षस, आणि शेवटी राजकन्याही राक्षसीणच होऊन राहते. रूप पालटून सुंदर होत नाही, तरी सुखाने नांदते.

“हे सारे परदेशातले झाले,” असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे हे नवे आहे काय? आपल्या विदर्भातली खडी गंमत घ्या, तिकडच्या तमाशातली गवळण-बतावणी घ्या. त्यांत देवादिकांनाही चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. १९६५ साली वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगनाट्य दादा कोंडक्यांनी गाजवले. त्यात ‘एक होता राजा’चीच टोपी उडवलेली आहे. मुलांच्या रंगभूमीवर रत्नाकर मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिले आणि त्यातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी रंगवली की, मुले तिला भिण्याऐवजी तिच्यावर लुब्ध झाली. २०१८ साली तेच नाटक नव्या संचात आले आणि वैभव मांगले यांच्या चिंचीवर नातवंडांची पिढीही तशीच लुब्ध झाली. आणि चित्रांचे म्हणाल, तर शि. द. फडणिसांचे १९५२ सालचे ‘मोहिनी’ मासिकाचे मुखपृष्ठ आठवा. एक तरुण आणि शेजारी एक तरुणी, एकाच्या कपड्यांवर उंदरांची चित्रे, दुसऱ्याच्या कपड्यांवर मांजरांची. खाली एक अक्षर नाही, पण पाहणाऱ्याला हसू फुटते. का फुटते? कारण उंदीर-मांजराची गोष्ट आपल्याला पाठ आहे.

भगिनींनो, सारी मख्खी इथेच आहे. थट्टा कळायला मूळ गोष्ट पाठ असावी लागते. ज्या मुलाने सिंड्रेला ऐकलीच नाही, त्याला रात्रपाळीचे हसू येणार नाही. तेव्हा थट्टेने जुनी गोष्ट मरते ही भीती सोडून द्या. जी गोष्ट मेली, तिची कोणी थट्टा करीत नाही. मूल हसले, म्हणजे मूळ गोष्ट त्याच्या पोटात शाबूत आहे, असे खुशाल समजावे.

पण याचा अर्थ प्रत्येक थट्टा चांगली असाही नव्हे. इथे मी त्या बाईंच्या बाजूने एक शब्द बोलते. प्रामाणिक लाकूडतोड्याची गोष्ट आपण सगळ्यांनी मुलांना सांगितली. तिची थट्टा आता मोबाइलवरून गावोगाव फिरते. लाकूडतोड्याची बायको नदीत पडते. जलदेवता पाण्यातून एका सिनेनटीला वर आणते आणि विचारते, हीच का तुझी? हा पठ्ठ्या हो म्हणतो. देवता रागावते, तेव्हा तो म्हणतो, “नाही म्हटले असते, तर तू दुसरी आणली असतीस, मग माझी आणली असतीस, आणि खरे बोललो म्हणून तिन्ही दिल्या असत्यास. गरिबाला तीन बायका कशा परवडणार?” आमच्या घरात ही चुटकी वाचून पुरुषमंडळी पोट धरून हसली. मीही हसले, खोटे कशाला बोलू. पण नंतर मनात आले, की ती बाई पाण्यात पडली, तिचे पुढे काय झाले? मी ऐकलेल्या एकाही आवृत्तीत ती बाहेर आल्याचे सांगत नाहीत! रात्री नातीला मी गोष्ट सांगितली ती अशी, की बाई आपली आपण पोहून काठाला आली, पदर पिळला, आणि देवतेला म्हणाली, “बाई, तुम्ही ह्यांच्याशी बोलत बसा, पण आधी माझी कुऱ्हाड द्या. मला मोळी पुरी करायची आहे.”

मला तेव्हापासून एक कसोटी सापडली आहे. थट्टेत कोणाला हसायचे ते पाहावे. राजाला, लांडग्याला, आरशाला, आपल्याच जुन्या समजुतीला हसलो, तर मन मोकळे होते. जी आधीच पाण्यात पडली आहे तिला हसलो, तर हसणाराच थोडा बुडतो.

आता माझी राहिलेली गोष्ट पुरी करते.

त्या सफरचंदानंतर सात-आठ महिने गेले. मुलगी मला ‘मावशी’ म्हणू लागली होती, जेवत होती, पण कधी जवळ येत नव्हती. नव्या वर्षाची वह्या-पुस्तके आली. जुन्या वहीतले कोरे कागद काढून घ्यावेत म्हणून मी तिची वही चाळत होते. मागच्या पानावर पेन्सिलीने काढलेले एक चित्र होते. डोक्यावर मुकुट घातलेली राणी. पण तिच्या डोळ्यांवर माझ्यासारखा जाड चष्मा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, तीही माझ्यासारखीच. साडीचा पदर कमरेला खोचलेला. समोर भला मोठा आरसा आणि मागे स्टोव्हवर फसफसणारे पातेले. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते, “आरशा आरशा, दूध उतू गेले का?” आणि आरशातून उत्तर येत होते, “केव्हाच गेले.”

आमच्या घरी त्या वर्षी दूध फार वेळा उतू गेले होते. सासूबाईंनी त्यावरून मला बोलूनही घेतले होते. पोरीने ते सारे टिपले होते.

मला इतके हसू आले की, मी खाली बसले आणि डोळ्यांना पदर लावला. मान वर केली तो ती दारात उभी. चेहरा पांढराफटक पडलेला. तिला वाटले, मी रडते आहे. मग तिला कळले की, मी हसते आहे. ती म्हणाली, “मावशी, तू रागावली नाहीस?” मी म्हटले, “राणीच्या चष्म्याची काडी चुकली आहे. माझी डावी तुटलेली आहे, तू उजवी काढलीस.” ती जवळ आली, माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिले, खोडरबर आणले आणि माझ्याच मांडीवर वही ठेवून ती काडी दुरुस्त केली. माझ्या मांडीला तिचा हात लागला, तो पहिल्यांदा.

त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून त्या राणीची कितीतरी चित्रे काढली. रेशनच्या रांगेत उभी राहिलेली राणी. सफरचंदाचा भाव ऐकून पेरूच घेऊन परतणारी राणी. सात बुटक्यांचे धुणे धुताना “एवढ्यांचे सदरे बारीक म्हणून बरे!” म्हणणारी हिमगौरी. एका पोरीने आपल्या भीतीला चष्मा घातला, आणि ती भीती घरातलीच एक बाई होऊन बसली. हे काम मी बाहुली देऊन केले नसते, गोळ्या देऊन केले नसते, आणि “सावत्र आई चांगलीही असते” असा बोध करून तर मुळीच केले नसते.

ती मला आजही मावशीच म्हणते. मला त्याचे काही वाटत नाही. तिच्या आईची जागा तिच्या आईची आहे. माझी जागा तिने स्वतःच्या पेन्सिलीने काढून दिलेली आहे.

आता तिची मुलगी, म्हणजे माझी नात, सुटीत माझ्याकडे येते. मागच्या मे महिन्यात मी तिला चिऊ-काऊची गोष्ट सांगितली. चिऊचे घर मेणाचे, काऊचे घर शेणाचे, पाऊस आला, काऊचे घर वाहून गेले, आणि चिऊताई आतून सांगत राहिली, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. बाहेर आपल्या यवतमाळचा उन्हाळा, पारा पंचेचाळीसला टेकलेला. नात म्हणाली, “आजी, इथे मेणाचे घर वितळून नाही का जाणार?” आणि तिने चित्र काढले. चिमणी पिलांना पंखाखाली घेऊन काऊच्या दाराशी उभी, आणि आतून, शेणाने सारवलेल्या गारगार घरातून, काऊ म्हणतो आहे, “थांब, माझ्या बाळाला घामोळ्याची पावडर लावतो!” मी विचारले, “मग पुढे?” ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “पुढे दार उघडतो ना. त्याला माहीत आहे, बाहेर उभे राहिले की कसे वाटते.”

चांगल्या-वाइटाची चाड कशी राहील, असे त्या बाईंनी विचारले होते. मला वाटते, या उत्तरात ती पुरती राहिली आहे. आपल्या जुन्या गोष्टीत तेवढी नव्हती.

मी आता आपला फार वेळ घेत नाही. मंडळाला एकच विनंती आहे. पुढच्या वर्धापनदिनाला मुलांचे एक भित्तिपत्रक काढू या. आधी प्रत्येक घरी मुलांना जुन्या गोष्टी साग्रसंगीत सांगाव्यात, गाळू नयेत, घाई करू नये. मग कागद-पेन्सिल हाती द्यावी आणि म्हणावे, आता ही उलटी करून दाखव. चित्रात आपण सापडलो, आपला चष्मा, आपली ओरड, आपला मोबाइल सापडला, तर रागावू नये. नीट पाहावे आणि काडी चुकली असेल तर तेवढी सांगावी.

चहाची वेळ झाली आहे आणि दूध स्टोव्हवर आहे, असे चिटणीसबाई खुणावत आहेत. आरशाला विचारण्याची पाळी येऊ नये, म्हणून इथेच थांबते.